गावरान कोंबडीचा पोकळ कळवळा

सांप्रत सुशिक्षित कुटुंबांत ‘गावरान’ ह्या शब्दाची मोठी चलती आहे. तूप गावरान, गूळ गावरान, लसूण गावरान, आणि ह्या सर्वांवर ताण म्हणजे अंडे गावरान व कोंबडीही गावरान. ज्या घरांत दोन पिढ्यांमागे शेजारची कोंबडी अंगणात शिरली तर गोमूत्र शिंपडीत, त्याच घरांतील नातसुना आज पुठ्ठ्याच्या खोक्यावरील ‘अस्सल देशी’ ही अक्षरे वाचून दुप्पट दाम मोजतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि ग्रामकुक्कुट ही दोन्ही एकाच श्लोकात निषिद्ध ठरविली आहेत. आज ती दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात. काळ पालटतो, त्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार एवढीच की, ह्या कळवळ्याने देशी कोंबडीचे काडीमात्र हित झालेले नाही. उलट तो तिच्या मुळावर आला आहे, आणि कळवळा करणारांस त्याची वार्ताही नाही.

आम्ही हे नुसती पुस्तके चाळून लिहीत नाही. गेली नऊ वर्षे नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरांच्या पायथ्याशी, आमच्या दोन-अडीच एकरांत, बुसरा जातीच्या कोंबड्यांचा एक लहानसा थवा आम्ही बाळगून आहोत. दहा माद्या, दोन नर, आणि हंगामात जी काय पिल्ले असतील ती. बुसरा हे नाव वाचून पुष्कळ वाचक थबकतील. कडकनाथ सर्वांस ठाऊक. अस्सीलही झुंजींच्या निमित्ताने कानावरून गेलेला. परंतु धुळे-नंदुरबारच्या पश्चिम भागात आणि त्यास लागून असलेल्या गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली ही कोंबडी महाराष्ट्राची असूनही महाराष्ट्रास अपरिचित आहे. अंगाने लहान, वजनाने किलोभराच्या आतबाहेर, पांढऱ्यावर काळी-तांबडी पिसे विखुरलेली, आणि वर्षास फार तर चाळीस-पन्नास लहान अंडी देणारी. बाजाराच्या तराजूत हिचे पारडे वर जाणार हे उघडच आहे. हिला भिल्ल, कोकणा, मावची, गावित ह्यांच्या झोपड्यांतील बायकांनी टिकविले. आमच्यासारख्या शहाण्यांचा त्यात काही हात नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

आता तुमच्या घरी येणाऱ्या त्या तपकिरी अंड्याकडे वळू. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. तिच्या खाण्यावर, फिरण्यावर अथवा तिच्या देशीपणावर नाही. तपकिरी अंडी घालणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यांत हजारोंनी पाळता येतात आणि पाळल्या जातात. बलक केशरी दिसला की गृहिणी समाधान पावते; परंतु त्या रंगाचे मर्म खाद्यात आहे. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात कालवला की पांढऱ्या लेगहॉर्नच्या अंड्याचा बलकही दसऱ्याच्या तोरणासारखा दिसू लागतो. म्हणजे ज्या दोन खुणांवर आपण गावरानपणाची परीक्षा करतो, त्या दोन्हींचा गावरानपणाशी संबंध नाही. ह्याहून अधिक ह्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. फसणाऱ्याने फसावे, त्याचे दहा-वीस रुपये गेले. कोंबडीचे जे जाते ते निराळे आहे.

कोणी म्हणेल, परसातील कोंबड्या तर वाढत आहेत. खरे आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकादी पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातील निघाले आणि मागील गणनेच्या मानाने ती वाढ ४६ टक्के होती. हा आकडा सभांतून मोठ्या अभिमानाने सांगण्यात येतो. परंतु परसात आहे म्हणून पक्षी परसाचा होत नाही. हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, आणि त्यांच्या पाठोपाठ निघालेले नाना प्रकारचे रंगीत पक्षी खेडोपाडी वाटले गेले व विकले गेले. हे पक्षी वाईट नाहीत. ते लवकर वाढतात, अंडी अधिक देतात, आणि ज्या घरी पोरांच्या ताटात आठवडाभर डाळदेखील पडत नाही त्या घरी ते गेले तर आम्हांस आनंदच आहे. पण त्यांना ‘देशी’ म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे. ते संकरित आहेत. त्यांची पुढली पिढी आईबापांसारखी निपजत नाही. आणि कोंबडी अंड्यांवर बसत नाही, म्हणून पुढील वर्षी पिल्ले पुन्हा विकतच आणावी लागतात. गावच्या बाईचा थवा जो स्वतःच्या पायांवर उभा होता, तो उबवणी केंद्राच्या दारी उभा राहिला.

आणि हा नर तिच्या जुन्या कोंबड्यांत मिसळला म्हणजे काय होते? त्याचा हिशोब अगदी जुन्या नाण्यांत मांडता येतो. पहिल्या पिढीत देशी रक्त रुपयात आठ आणे उरते, दुसरीत चार, तिसरीत दोन, आणि चौथ्या पिढीस केवळ एक आणा. दर पिढीस बाहेरचा नर आणत गेल्यास चार-पाच वर्षांत कोंबडीची जात बदलून जाते आणि कोंबडी मात्र त्याच अंगणात त्याच खुराड्यात दिसते. ‘गावठी नर काढा आणि विलायती नर ठेवा’ असा उपदेश सुधारणेच्या नावाखाली कित्येक दशके करण्यात आला. तो करणारे दुष्ट नव्हते. त्यांना अंड्यांची संख्या दिसत होती आणि जे मोजता येत नव्हते ते दिसत नव्हते, इतकेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही रक्तशुद्धीचे स्तोम माजवीत आहो, असे कोणी समजू नये. तसले सोवळे माणसांत आम्हांस मान्य नाही आणि कोंबड्यांतही नाही. पाळीव कोंबडी ही मुळात तांबड्या रानकोंबड्याची लेक. परंतु तिच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तिला आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून मिळाला, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. जगातील कोट्यवधी पिवळ्या पायांच्या कोंबड्या ह्या संबंधाची साक्ष देत फिरत आहेत. मिश्रण कोठे नाही? प्रश्न मिश्रणाचा नसून, मिश्रण झाल्यावर निवड कोण करतो आणि कशासाठी करतो, हा आहे. बुसरा कोंबडीची निवड घारीने केली, मुंगसाने केली, मे महिन्याच्या उन्हाने केली आणि अखेरीस त्या झोपडीतील बाईने केली. ह्या चार परीक्षकांच्या हातून उतरलेली जात मोडावयास चार पिढ्या लागतात. पुन्हा घडवावयास किती लागतील ते आम्हांस सांगता येत नाही.

आता कडकनाथाचे पुराण. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील भिल्ल-भिलाल्यांची ही काळ्या मांसाची कोंबडी. तिच्या मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रातील सुशिक्षितांना एकाएकी तिचा पुळका आला. काळे मांस म्हणजे औषध, काळे मांस म्हणजे शक्ती, काळे मांस म्हणजे पैसा! पुढे पश्चिम महाराष्ट्रात पिल्ले द्यावयाची, अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे करार करावयाचे, असा धंदा निघाला. शेतकऱ्यांनी कर्जे काढली. २०१९ साली तो डोलारा कोसळला. खरेदीदार नाहीसा झाला आणि शेडांत भुकेल्या कोंबड्या तेवढ्या राहिल्या. त्यापूर्वी थोडीच वर्षे ईमू नावाच्या ऑस्ट्रेलियातील उंच पक्ष्याच्या पायी हेच घडले होते. परंतु आपल्याकडे एका फसवणुकीचा अनुभव दुसऱ्या फसवणुकीच्या वेळी उपयोगी पडत नाही असा नियमच दिसतो.

हे वेड आपल्याच वाट्यास आले आहे असे मात्र नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरी १८४९ च्या नोव्हेंबरात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले, आणि त्यानंतर काही वर्षे त्या देशात जो ज्वर पसरला त्याला तेथील लोकांनीच ‘कोंबडीज्वर’ असे नाव दिले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या गृहस्थाने १८५२ साली मोठाड जातीच्या काही कोंबड्या व्हिक्टोरिया राणीस नजर केल्या आणि त्या कीर्तीवर आपली पिल्ले मन मानेल त्या किमतीस विकली. त्याच सुमारास ‘ब्रह्मा’ ही जात पुढे आली. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेचे, मूळ मात्र बव्हंशी शांघायच्या कोंबड्यांचे, असे जाणकार मानतात. ज्वर उतरला तेव्हा १८५५ मध्ये ह्याच बर्नहॅमने त्या वेडाचा इतिहास लिहून गिऱ्हाइकांची यथेच्छ थट्टा केली. आमच्याकडील व्यापाऱ्यांनी निदान पुस्तक लिहिले नाही, हा त्यांचा विनय म्हणावा.

परंतु पैशापेक्षा मोठे नुकसान कडकनाथाचे स्वतःचे झाले, आणि त्याबद्दल कोणी अश्रू गाळला नाही. काळे मांस हा आनुवंशिक दृष्ट्या प्रबळ गुण आहे. चीनच्या रेशमी पिसांच्या सिल्की कोंबडीत आणि जावाच्या काळ्या आयाम चेमानीत जो बदल आढळतो, तोच कडकनाथात आहे. गुण प्रबळ असल्याकारणाने दुसऱ्या जातीशी संकर झाला तरी पिल्लांत बरेचसे काळेपण उतरते. गिऱ्हाईक पाहणार ते काळेपण. विकणारा देणार ते काळेपण. मग अंगात झाबुआची कोंबडी आठ आणे आहे की दोन आणे, हे विचारतो कोण? एका खुणेवर किंमत ठरली की बाकीच्या सर्व गुणांना धनी उरत नाही. कडकनाथ उन्हात कसा टिकतो, काय वेचून खातो, ह्याची परीक्षा घेणारे अंगण गेले आणि त्याच्या जागी रंगाचा नमुना हातात घेतलेला दलाल आला. आमचे म्हणणे असे की, बुसरेचे नाव अद्याप कोणास ठाऊक नाही, हेच तिचे आजवरचे सुदैव होय. हा लेख लिहून आम्ही ते सुदैव थोडेसे धोक्यात घालीत आहो, ह्याची आम्हांस जाणीव आहे.

बुसरेचे दुर्दैव दुसऱ्या वाटेने आले. तिचे माहेर नवापूर तालुका. आणि ह्याच नवापुरात २००६ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिला बर्ड फ्लू सापडला. तेथे मोठमोठी अंड्यांची शेडे उभी राहिली होती; एकेका शेडात हजारो पक्षी. रोग आवरण्यासाठी लाखो पक्षी मारावे लागले, आणि रोगाच्या परिसरातील घरोघरच्या कोंबड्याही त्यात गेल्या. मारण्यावाचून गत्यंतर नव्हते हे आम्ही जाणतो. सरकारला ह्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु एका बाजूस शेडवाला शेड धुऊन काढतो आणि कर्ज काढून पुन्हा हजारो पिल्ले आणतो. दुसऱ्या बाजूस जिच्या पाच कोंबड्या गेल्या ती बाई, त्याच पाच कोंबड्या पुन्हा कोठून आणणार? तिला नुकसानभरपाईचे रुपये मिळाले असतील; त्या रुपयांत बाजारातील रंगीत पिल्ले येतात, आजेसासूच्या कोंबडीची पणती येत नाही. २०२१ साली नवापुरावर हेच संकट पुन्हा आले.

आमच्या पहिल्या कोंबड्या तालुक्याच्या एका दूरच्या पाड्यावरून आल्या. ज्या आजीबाईंकडून त्या आणल्या त्यांनी आम्हांस चार माद्या लगोलग दिल्या, परंतु नर देताना दुपारभर बसवून घेतले. आम्ही एका देखण्या, लांब शेपटीच्या कोंबड्यावर बोट ठेवले होते. आजी हसल्या. म्हणाल्या, “भाऊ, तो नुसता मिरवतो. घार आली की पहिला तोच बांधाखाली पळतो. थांबा जरा.” आम्ही थांबलो. उन्हे कलल्यावर वर एक घार फिरू लागली तेव्हा एका तुटक्या तुऱ्याच्या बेढब नराने घोगरा आवाज काढला, पिल्ले क्षणात कुडाखाली दडली, आणि तो मात्र मान वर करून मोकळ्यात उभा राहिला. “तो न्या,” आजी म्हणाल्या. नऊ वर्षांत आम्ही पैदाशीवरचे जे काही वाचले त्यात ह्या दुपारच्या पाठाहून शहाणे असे थोडेच आढळले.

तरीसुद्धा त्या आजींस एक गोष्ट सांगण्याची गरज कधी पडली नव्हती, जी आम्हांस चुकून शिकावी लागली. पाड्यावर पंधरा-वीस घरांच्या कोंबड्या एकमेकींत मिसळत. कोंबडी लेकीला जाई, सुनेला येई, अर्धलीने शेजारणीस दिली जाई. एका घरचा थवा असा नव्हताच. थवा पाड्याचा होता. आम्ही त्यातील चार माद्या व एक नर उचलून तारेच्या कुंपणात आणला आणि वाटले की जात राखली. एक नर व दहा माद्या असा थवा ठेवला तर आनुवंशिकतेच्या हिशोबाने तो अकरा पक्ष्यांचा धरता येत नाही. चारांहूनही कमी पक्ष्यांचा ठरतो, आणि दर पिढीस सगोत्रपणा सुमारे चौदा टक्क्यांनी वाढतो. तिसऱ्या वर्षी आमची अंडी दिव्यासमोर धरली असता निम्मी गार निघू लागली. निघालेल्या पिल्लांत वाकड्या बोटांची, कोपऱ्यात फुगून बसणारी पिल्ले दिसू लागली. ‘शुद्ध बुसरा’ अशी पाटी मात्र आमच्या फाटकावर होती.

तेव्हापासून आमच्यासह तीन घरांनी मिळून एक चक्र चालविले आहे. प्रत्येक घरी दोन नर व दहा माद्या. पहिल्या घरचे तरणे नर दुसऱ्याकडे जातात, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे. तलंगा मात्र ज्या घरी जन्मल्या त्याच घरी राहतात. म्हणजे आमच्या समाजरीतीच्या अगदी उलट: लेकी माहेरी नांदतात आणि लेक घरजावई म्हणून धाडले जातात. कोंबड्यांच्या बाबतीत ही रीत अतिशय सोईची ठरली आहे. ह्या व्यवस्थेत सगोत्रपणाचा वेग पिढीगणिक चौदांवरून सुमारे अडीच टक्क्यांवर येतो. खर्च काहीच नाही. वर्षातून एकदा डालग्यात नर घालून शेजारच्या गावी जावे लागते. मात्र नर बदलल्यावर पहिले तीन-चार आठवडे अंडी उबवणीस ठेवू नयेत, कारण जुन्या नराचे बीज मादीच्या अंगी दोन-तीन आठवडे टिकते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने आमच्या वहीतील एका वर्षाची वंशावळ खोटी ठरली. वही हवीच. पायात रंगीत कडे, अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख, आणि कोणत्या मादीने किती पिल्ले तीन महिन्यांची केली ह्याची नोंद. नर निवडावयाचा तो रंग पाहून नव्हे. तीन वर्षे जगलेल्या आणि स्वतः बसून पिल्ले वाढविलेल्या मादीच्या पोटचा. बुसरेत रंग नाना प्रकारचे आहेत आणि ते तसेच राहू द्यावेत. ज्यांस एकसारख्या रंगाच्या कोंबड्यांची रांग पाहून आनंद होतो त्यांनी चिनी मातीच्या कोंबड्या कपाटात मांडाव्यात.

ह्यावर काही विद्वान मित्र विचारतात की, हा उपद्व्याप घरोघर कशास? सरकारने एक उत्तम प्रक्षेत्र काढावे आणि तेथे जात राखावी. प्रक्षेत्रे असावीत, ती नसती तर कित्येक जातींचे नावही उरले नसते. पण जेथे अंडी यंत्रात उबतात आणि पिल्ले दिव्याखाली वाढतात तेथे खुडूक होणारी कोंबडी ही अडचण ठरते, कारण ती अंडी घालणे बंद करते. जो गुण कोणी मागत नाही तो हळूहळू निघून जातो. पांढऱ्या लेगहॉर्नचे तेच झाले. तिला आपल्या अंड्यांचे सोयरसुतकही उरले नाही. खुडूक बसण्याची वासना, एकवीस दिवस अंड्यांवर राहण्याची चिकाटी, पिल्लांस वाळवी उकरून दाखविण्याची रीत, हे सारे जतन करावयाचे तर कोंबडीला कोंबडीच्या पोटाखालीच जन्मावे लागते. शिवाय एका प्रक्षेत्रात एक रोग शिरला की एका रात्रीत सर्वस्व जाते. तीस अंगणांत असलेली जात एका रात्रीत जात नाही.

रोगाचा विषय निघालाच आहे तर आमचा एक अपराधही सांगून टाकतो. ‘देशी कोंबडीला रोग होत नाही’ हे वाक्य आम्हीही एके काळी मोठ्या तोऱ्याने उच्चारीत असू. दुसऱ्या पावसाळ्यात मानमोडी आली. कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्या देशात जिला राणीखेत म्हणतात तीच ही. आठ दिवसांत एकतीस पक्ष्यांचे अकरा झाले. माना पिळवटलेल्या, हिरवट विष्ठा, आणि ज्या तुटक्या तुऱ्याच्या नरासाठी आम्ही दुपारभर बसलो होतो तोही त्यात गेला. लस स्वस्त आहे, मिळते, आणि तिचे तंत्र सोपे आहे. परंतु एका कुपीत शंभर अथवा अधिक पक्ष्यांची मात्रा असते व उघडलेली कुपी ठेवता येत नाही. म्हणून बारा कोंबड्यांचा धनी लस आणत नाही आणि आणली तर उरलेली ओतून देतो. आता वस्तीवरील सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून घेतला आहे. जिवाणू-विषाणूंपुढे देशी-विलायती हा भेद चालत नाही, एवढे शहाणपण विकत घेण्यास आम्हांस वीस कोंबड्या द्याव्या लागल्या.

आता सर्वांत अप्रिय मुद्दा. ज्यांचा कळवळा सर्वांत उत्कट असतो अशा मंडळींचे म्हणणे असते की, कोंबड्या पाळाव्या, अंडी खावी, परंतु मारू नये. ही भूतदया मनापासूनची असते, म्हणून तिला उत्तरही मनापासून दिले पाहिजे. दहा अंडी फुटली तर सरासरीने पाच नर निघतात. थव्याला त्यांतील एक पुरतो. उरलेल्या चौघांचे काय करावे? ते वयात येताच एकमेकांस रक्तबंबाळ करतात आणि माद्यांच्या पाठी सोलून काढतात. त्यांना कायम पोसावयाचे म्हटले तर तीन वर्षांत माद्यांसाठी खुराड्यात जागा राहत नाही. विकून टाकले तर ते मरणारच. फक्त आपल्या डोळ्यांआड मरतील. आणि जी ‘केवळ अंडी’ आपण बाजारातून आणतो त्यांच्या उबवणी केंद्रांत नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची रीत आहे, हे भूतदयेच्या पुरस्कर्त्यांस बहुधा ठाऊक नसते. ज्यास मांस वर्ज्य आहे त्याने अवश्य वर्ज्य करावे. त्याच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण मग त्याने कोंबडीच्या जातीचा पालक म्हणवून घेऊ नये. आमच्या घरी पाच-सहा महिने मोकळा फिरलेला नर श्रावण लागण्यापूर्वी कापला जातो, त्याचा रस्सा मुलांसमक्ष शिजतो, आणि त्या दिवशी मुले कमी बोलतात. ते आम्हांस योग्यच वाटते. त्याचे मांस चिवट असते, त्याला दीड-दोन तास मंद आच लागते, आणि सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाणाऱ्या ब्रॉयलरवर वाढलेल्या पाहुण्यांस ते पहिल्यांदा रुचत नाही.

त्या ब्रॉयलरचीच गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात आपल्याकडील अस्सील नेऊन जी जात तयार करण्यात आली तिला ‘इंडियन गेम’ असे नाव पडले; तीच पुढे कॉर्निश. अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ ह्या नावाने जी राष्ट्रीय स्पर्धा झाली तीत कॉर्निशच्या संकराने बाजी मारली, आणि आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती तेथून आली. म्हणजे कोपऱ्यावरील दुकानात पिसे काढून टांगलेल्या पांढऱ्या कोंबडीत आपल्या अस्सीलचा अंश आहे. अस्सील हा शब्द आणि आपला ‘अस्सल’ हे एकाच अरबी कुळातले. तो अस्सील राखणाऱ्यांना झुंजीखेरीज काही दिसत नव्हते. त्यातून पुढे काय निघेल हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. बुसरेतून काय निघेल हे आम्हांसही ठाऊक नाही. कदाचित काहीच निघणार नाही. ती घारीला ओळखते, उकिरड्यावर पोट भरते आणि आपली पिल्ले आपण वाढविते, एवढ्यावर तिचा राहण्याचा हक्क आम्हांस पुरेसा वाटतो.

आमच्या चक्रातील तिसरे घर ह्या वैशाखात गळाले. घरचा कर्ता मुलगा शहरात नोकरीस गेला, आणि धाकट्या भावाने दहाही माद्या महामार्गावरील एका ‘गावरान’ खानावळीस विकल्या. भाव चांगला मिळाला असे त्याने आम्हांस प्रांजळपणे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. दोन घरांवर चक्र चालत नाही. नर गेले तसेच पुढल्या वर्षी परत येतात. ज्या वाचकांपाशी अंगण, एक वही आणि नर कापण्याचे धैर्य आहे अशांपैकी कोणी नाशिकच्या आसपास असल्यास त्यांना आमच्याकडून सहा तलंगा मिळतील. किंमत नाही, मात्र दर मार्गशीर्षात एक नर न चुकता पुढल्या घरी पोहोचवावा लागेल, आणि फाटकावर पाटी लावता येणार नाही.